उंदराच्या लाळग्रंथीतील नर-मादी फरक: हजारो जनुके वेगळी दिसतात, त्यांतली खरी किती?

प्रश्न — ग्रंथीशोध

नमस्कार. सी५७ब्लॅक/६ स्ट्रेनचे (प्रयोगशाळेतले एक शुद्ध वाण) १० आठवड्यांचे उंदीर, ५ नर आणि ५ माद्या. प्रत्येकाची सबमँडिब्युलर (जबड्याखालची) लाळग्रंथी आणि ॲड्रिनल (मूत्रपिंडावरची संप्रेरक-ग्रंथी) काढून आरएनए-सीक्वेन्सिंग केले आहे, म्हणजे कोणते जनुक किती व्यक्त होते ते मोजले आहे. आरएनएची प्रत चांगली आहे (आरआयएन, म्हणजे आरएनए किती शाबूत आहे याचा गुणांक, ७.५ च्या वर). रीड्स (वाचलेले छोटे तुकडे) स्टार या प्रोग्रॅमने जनुकसंचाशी जुळवले आणि डीईसेक-२ या सांख्यिकी प्रोग्रॅमने तुलना केली. आता पुढचे प्रश्न आहेत.

लाळग्रंथीत हजारो जनुके नर-मादीत वेगळी येतात. ईजीएफ, एनजीएफ (दोन्ही वाढ-घटक) आणि कॅलिक्रेइन (प्रथिने तोडणारी एन्झाइमे) कुळ नरात जास्त येणार हे अपेक्षितच होते. पण टीपीएम आकड्यांत (दर दहा लाखांत जनुकाचा वाटा) ॲक्टिन-बीटा, जीएपीडीएच (सहसा स्थिर मानली जाणारी जनुके) आणि रायबोसोमची बरीच जनुके नरात कमी दिसतात, ते पटत नाही. दोन माद्यांत एमयूसी१९ (श्लेष्मा-प्रथिनाचे जनुक) एकदम वर आहे, बाकी तिघींत नाही. कॅलिक्रेइनचे रीड्स मोठ्या प्रमाणात अनेक ठिकाणी जुळतात म्हणून गाळले जातात. ॲड्रिनलमध्ये एकेआर१सी१८ हे जनुक माद्यांत भरपूर आणि नरांत जवळपास शून्य.

पुढच्या टप्प्यात वृषण काढलेले नर आणि त्यांना टेस्टोस्टेरॉन परत दिलेला गट घ्यायचा आहे. संख्या किती ठेवावी आणि माद्यांचे ऋतुचक्र दररोज तपासावे का, तेही सांगा.

प्रतिसाद १ — नलिकापेशी

ॲक्टिनपासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या बऱ्याच आकड्यांचा घोळ तिथेच आहे.

नराच्या सबमँडिब्युलर ग्रंथीत कणीदार वळणदार नलिका (प्रयोगशाळेत सगळे जीसीटी म्हणतात) मोठ्या आणि जाड असतात. त्यांच्या पेशी स्रवणाऱ्या प्रथिनांचे एमआरएनए इतके बनवतात की लायब्ररीचा (सीक्वेन्सिंगसाठी तयार केलेल्या नमुन्याचा) मोठा हिस्सा मूठभर जनुकेच खातात. समजा मादीत ही जनुके १० टक्के रीड्स घेतात आणि नरात ५० टक्के. मग उरलेल्या सगळ्या जनुकांना मादीत ९० टक्के जागा मिळते आणि नरात ५० टक्के. ज्या जनुकात काडीचा बदल नाही तेही नरात ०.५६ पट दिसणार. टीपीएम आणि सीपीएम (त्याच्यासारखेच दुसरे माप) दोन्हींत हे होते, कारण दोन्हींत बेरीज ठरलेली असते. ॲक्टिन कमी झालेले नाही, त्याच्या वाट्याची जागा गेली.

डीईसेक-२ चे साइझ फॅक्टर (नमुने तुलनेयोग्य करणारे गुणक) किंवा एजआर या प्रोग्रॅमचे टीएमएम हे बऱ्यापैकी सावरतात, पण बहुतेक जनुके बदललेली नाहीत असे दोघेही धरून चालतात. या ग्रंथीत ते गृहीतक ताणले जाते. म्हणून प्रत्येक नमुन्यात सर्वाधिक रीड्स घेणाऱ्या २० जनुकांचा एकत्रित वाटा काढा. नर-मादीत तो फार वेगळा असेल तर ती २० वगळून साइझ फॅक्टर पुन्हा काढा आणि निकाल किती हलतो ते बघा. एमए आलेखात (जनुकाच्या सरासरी पातळीसमोर नर-मादी फरक) ढगाचा मधला पट्टा शून्यावर बसतोय का, तेही डोळ्यांनी पाहा. पुढच्या खेपेस ईआरसीसीचे ठरावीक नियंत्रण आरएनए घालणार असाल तर ते एकूण आरएनएच्या वजनाप्रमाणे घालायचे की ऊतीच्या वजनाप्रमाणे, ते आधी ठरवा. दोन्हींतून मिळणारी उत्तरे वेगळ्या प्रश्नांची असतात. प्रति मिलिग्रॅम ऊतीतून किती आरएनए निघाला, याची नोंद प्रत्येक नमुन्यासाठी हवीच.

आता मोठा मुद्दा. नरात जीसीटीने व्यापलेली जागाच जास्त आहे. त्यामुळे ग्रंथी अख्खी वाटली की ईजीएफचा फरक प्रत्येक पेशीतल्या नियंत्रणाचा किती आणि पेशींच्या प्रमाणाचा किती, हे त्या आकड्यातून कळूच शकत नाही. संगणकाने पेशींचे प्रमाण वेगळे काढण्याचा मोह होईल, पण जीसीटीची ओळख पटवणारी जनुके स्वतःच अँड्रोजेनच्या (टेस्टोस्टेरॉनसारख्या नर-संप्रेरकांच्या) ताब्यात आहेत. त्यांच्यावरून प्रमाण काढणे म्हणजे जे सिद्ध करायचे तेच गृहीत धरणे. यावर खात्रीचा उपाय छेदांचा (ऊतीच्या पातळ कापांचा) आहे. डाव्या ग्रंथीतून आरएनए, उजवी फॉर्मॅलिनमध्ये. एच-ई या नेहमीच्या रंगांनी रंगवून जीसीटीने व्यापलेले क्षेत्र टक्क्यांत मोजा. मोजणाऱ्याला नमुन्याचे लिंग माहीत नको, अर्थात नराचे छेद सरावलेल्या डोळ्याला लगेच ओळखू येतात, तेव्हा मोजणी सॉफ्टवेअरने केलेली बरी.

एमयूसी१९ चे कारण बहुधा विच्छेदनात आहे. सबलिंग्वल (जिभेखालची) लाळग्रंथी सबमँडिब्युलरला बाहेरच्या-पुढच्या कडेने चिकटलेली असते, रंगाने किंचित वेगळी, एकाच आवरणात. ती पूर्ण सोलली नाही की श्लेष्मा बनवणाऱ्या पेशी आत येतात आणि एमयूसी१९ उसळी मारते. पण थांबा, इथे आणखी एक गुंता आहे: एसएमजीसी आणि एमयूसी१९ हे एकाच जनुकाचे वेगवेगळे स्प्लाइस प्रकार (एक्सॉन, म्हणजे जनुकाचे तुकडे, वेगळे जोडून बनलेले एमआरएनए) आहेत आणि एसएमजीसी प्रौढ मादीच्या ग्रंथीत खरोखरच जास्त असते. जनुकाच्या पातळीवर मोजलेत तर खरा लिंगभेद आणि विच्छेदनातली भेसळ एकाच आकड्यात मिसळतील. आयजीव्हीत (रीड्स दाखवणारा प्रोग्रॅम) त्या दोन माद्यांचे रीड्स एक्सॉनवार पाहा. शेवटच्या बाजूच्या एक्सॉनांवर ढीग असेल तर ती सबलिंग्वलची भेसळ. सुरुवातीच्या एक्सॉनांवर असेल तर एसएमजीसी. लसीकागाठी आणि पॅरोटिडचे (कानाजवळच्या लाळग्रंथीचे) तुकडेही असेच येतात. पहिल्यासाठी सीडी१९, सीडी३ई आणि दुसऱ्यासाठी एएमवाय१ तपासा.

प्रतिसाद २ — रीडजुळणी

कॅलिक्रेइनबद्दल. उंदरात केएलके१बी ही जनुके ७ व्या गुणसूत्रावर ओळीने आहेत आणि एकमेकांसारखी इतकी की लहान रीड कोणत्या जनुकाचा हे पुष्कळदा ठरवताच येत नाही. फक्त एकाच जागी जुळणारे रीड्स मोजले की जी जनुके शेजाऱ्यांपेक्षा थोडी वेगळी तीच जास्त व्यक्त झाल्यासारखी वाटतात आणि सारखी असलेली गायब होतात. सॅल्मन किंवा आरएसईएम हे प्रोग्रॅम वापरा, ते अनेक ठिकाणी जुळणारे रीड्स संभाव्यतेने वाटून देतात. सॅल्मनमध्ये बूटस्ट्रॅप (अंदाज पुन्हा पुन्हा काढणे) चालू ठेवा. ज्या जनुकाचा अंदाज प्रत्येक फेरीत हेलकावे खातो त्याच्याबद्दल स्वतंत्र दावा करू नका, संपूर्ण कुळाची बेरीज द्या. शक्य असेल तर १५० बेसचे दोन्ही टोकांचे रीड्स घ्या.

नावांकडेही लक्ष असू द्या. केएलके१बी३ म्हणजे जुन्या लेखांतले गॅमा-एनजीएफ, केएलके१बी४ म्हणजे अल्फा-एनजीएफ. ही दोन्ही कॅलिक्रेइन कुळातली प्रथिने. खरा चेतावाढ-घटक बीटा उपघटकात असतो आणि त्याचे जनुक एनजीएफ हे वेगळेच. तक्त्यात ही तीन सरमिसळ झालेली दिसतात.

यकृतात एमयूपी (लघवीतून बाहेर पडणारी प्रथिने) कुळाचे हेच होते. ४ थ्या गुणसूत्रावर वीसेक जनुके, जवळपास जुळी भावंडे.

आपल्याकडे बऱ्याच प्रयोगशाळांत स्विस अल्बिनो उंदीर वापरतात, त्यांच्यासाठी एक वेगळी सूचना. संदर्भ जनुकसंच सी५७ब्लॅक/६ चा आहे आणि त्या स्ट्रेनमध्ये रेनिन या एन्झाइमचे एकच जनुक, आरईएन१, आहे. स्विस, १२९, डीबीए/२ यांच्यात दोन आहेत. दुसरे, म्हणजे आरईएन२, सबमँडिब्युलरमध्ये प्रचंड व्यक्त होते आणि अँड्रोजेनने वाढते. संदर्भात आरईएन२ नाहीच, त्यामुळे त्याचे सगळे रीड्स आरईएन१ वर जाऊन बसतात. लेखात मग आरईएन१ नरात वाढले असे छापले जाते. त्याचा क्रम संदर्भात स्वतः जोडा.

आणि सगळ्याच्या आधी नमुन्यांचे लिंग पडताळा. झिस्ट हे जनुक मादीत भरपूर, नरात नगण्य. डीडीएक्स३वाय, केडीएम५डी, ईआयएफ२एस३वाय ही वाय गुणसूत्रावरची जनुके फक्त नरात. अदलाबदल झालेला एक नमुना पाच-पाचच्या प्रयोगाची वाट लावतो. मादीत वाय गुणसूत्राचे रीड्स तुरळक दिसत असतील तर नमुन्यांची भेसळ किंवा इंडेक्सची (नमुना ओळखण्याच्या खुणेची) सरमिसळ शोधा.

प्रतिसाद ३ — एक्सझोन

ॲड्रिनलचा आकडा बरोबर आहे, अर्थ जपून लावा. एकेआर१सी१८ ही उंदराच्या ॲड्रिनलमधल्या एक्स-झोनची खूण. हा पट्टा बाहेरचे कवच आणि आतला गाभा यांच्या मध्ये असतो. नरात तो वयात येताना नाहीसा होतो, मादीत पहिल्या गरोदरपणापर्यंत टिकतो. न विणलेल्या मादीत तो हळूहळू आक्रसतो आणि किती वेगाने, ते स्ट्रेनवर अवलंबून आहे. तेव्हा १० आठवड्यांच्या नरात तो पेशीसमूहच उरलेला नाही. जनुक बंद पडले असे म्हणण्यात अर्थ नाही, ते व्यक्त करणाऱ्या पेशी गेल्या. पीआयके३सी२जी आणि त्याच्याबरोबर वर-खाली होणाऱ्या जनुकांची मोठी रांग याच खात्यात जाईल.

तुमच्या पुढच्या प्रयोगात हे आणखी आडवे येईल. प्रौढ नराचे वृषण काढल्यावर दुय्यम एक्स-झोन उगवतो. मग एकेआर१सी१८ पुन्हा दिसेल आणि टेस्टोस्टेरॉन हे जनुक दाबते असा निष्कर्ष तयार. छेद काढल्याशिवाय तो लिहू नये.

प्रौढ उंदराची एक ॲड्रिनल काही मिलिग्रॅमचीच, मादीची नरापेक्षा मोठी. भोवतालची चरबी सूक्ष्मदर्शीखाली काढली नाही तर लहान ग्रंथीत, म्हणजे नरात, चरबीचा वाटा जास्त येतो. एडीआयपीओक्यू आणि युसीपी१ ही चरबीपेशींची जनुके नरात जास्त दिसत असतील तर तेच कारण.

प्रतिसाद ४ — यकृतवाटा

अँड्रोजेनने होते म्हणजे नेमके कोणत्या वाटेने, हा प्रश्न प्रत्येक ऊतीला वेगळा विचारावा लागतो. माझ्या मते तुमच्या पुढच्या प्रयोगाची आखणी यावरच उभी राहायला हवी.

मूत्रपिंडात वाट बरीच सरळ आहे. निकटस्थ नलिकेच्या पेशींत अँड्रोजेन ग्राहक (हार्मोन पकडणारे प्रथिन) आहे, वृषण काढले की केएपी जनुक खाली येते, हार्मोन दिले की वर. यकृतात तसे नाही. तिथे मुख्य सूत्र पिट्यूटरीच्या (मेंदूखालच्या ग्रंथीच्या) वाढ-संप्रेरकाच्या लयीचे आहे. नर उंदीर-घुशींत (घूस म्हणजे प्रयोगशाळेतला रॅट) ते ठोक्यांनी येते, मधल्या काळात रक्तात जवळपास काही नसते. नर घुशीत हे ठोके साधारण साडेतीन तासांनी पडतात. मादीत ते बरेचसे अखंड असते. स्टॅट५बी हे प्रथिन ती लय वाचते. १९९७ साली स्टॅट५बी नसलेल्या उंदरांत नर यकृताची खास घडण हरवलेली दिसली. मादीत सीयूएक्स२, नरात बीसीएल६ ही नियंत्रक प्रथिने पुढचे दुवे. नराला त्वचेखाली बसवलेल्या ऑस्मॉटिक पंपाने वाढ-संप्रेरक सलग दिले तर त्याचे यकृत मादीच्या घडणीकडे सरकते, वृषणे जागेवर असतानाही. घुशीत सीवायपी२सी११ हे यकृत-एन्झाइम नराचे आणि सीवायपी२सी१२ मादीचे, ही जुनी जोडी याच लयीवर चालते.

म्हणून वृषण काढल्यावर यकृतातले जनुक हलले, एवढ्यावरून अँड्रोजेन ग्राहक त्या जनुकावर बसतो असे ठरत नाही. टेस्टोस्टेरॉन मेंदूमार्गे लय बदलते आणि लय यकृत बदलते.

सबमँडिब्युलर या बाबतीत मूत्रपिंडाच्या जवळ आहे. अँड्रोजेन ग्राहक निकामी असलेल्या टीएफएम नरांची ग्रंथी मादीसारखी दिसते. पण थायरॉइड संप्रेरकही जीसीटी वाढवते, हे लक्षात ठेवा. थेट परिणाम शोधायचा असेल तर वृषण काढून २ ते ४ आठवडे थांबा, मग डीएचटीचा (टेस्टोस्टेरॉनपासून बनणाऱ्या नर-संप्रेरकाचा) एक डोस द्या आणि ६, १२, २४ तासांनी ग्रंथी काढा. इतक्या वेळात नलिकांची रचना पूर्ण बदलत नाही, त्यामुळे जे आधी हलते ते नियंत्रणाचे असण्याची शक्यता जास्त. टेस्टोस्टेरॉनऐवजी डीएचटी अशासाठी की त्याचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर होत नाही. खोटी शस्त्रक्रिया केलेला गट आणि फक्त तेल किंवा रिकामी कॅप्सूल दिलेला गट, दोन्ही हवेत.

रक्तातल्या टेस्टोस्टेरॉनच्या एका मोजणीवर विसंबू नका. नर उंदरात ते तासातासाला इतके बदलते की एकाच पिंजऱ्यातल्या दोन निरोगी नरांत अनेक पटींचा फरक येतो. शुक्राशयांचे वजन नोंदवा, मागच्या काही आठवड्यांत अँड्रोजेन एकूण किती पोचले हे ते जास्त खात्रीने सांगते.

प्रतिसाद ५ — पीमूल्य

संख्या आणि ऋतुचक्र.

नरांची यादी वेगळी, माद्यांची वेगळी, मग दोन वर्तुळे काढून 'फक्त नरात बदललेली जनुके' असे म्हणणे चुकीचे आहे. एका गटात पी-मूल्य ०.०४ आणि दुसऱ्यात ०.०६ आले म्हणजे दोन गट वेगळे ठरत नाहीत. सर्व नमुने एकाच मॉडेलमध्ये घाला: ~ बॅच + लिंग + उपचार + लिंग:उपचार. दावा लिंगानुसार परिणाम वेगळा असल्याचा असेल तर शेवटचे पद तपासा. या पदाच्या अंदाजाचा व्हेरियन्स (विखुरण) दोन गटांतल्या साध्या फरकाच्या दुप्पट असतो, त्यामुळे तेवढ्याच आकाराचा परिणाम पकडायला प्रत्येक गटात दुप्पट प्राणी लागतात. जीसीटीतल्या ५०-१०० पट फरकांना ५ पुरतील. दीडपट फरकांसाठी प्रत्येक गटात ८ ते १० धरा. प्राणी नीती समितीच्या अर्जात हा हिशेब मांडला तर वाढीव संख्येचे समर्थन आपोआप होते.

बॅच (एकत्र हाताळलेली तुकडी) म्हणजे फक्त सीक्वेन्सिंगची नव्हे. सकाळी सगळे नर आणि दुपारी सगळ्या माद्या कापल्या तर लिंग आणि घड्याळ यांची गाठ पडते आणि कोणतेही सॉफ्टवेअर ती सोडवू शकत नाही. एक नर, एक मादी असे आलटून पालटून घ्या, भावंडे दोन्ही गटांत वाटा.

ऋतुचक्र ४-५ दिवसांचे. प्रश्नच चक्राचा नसेल तर रोज योनीद्रव तपासण्याची गरज नाही, मारण्याच्या दिवशी एक स्लाइड करून टप्पा नोंदवा, पुरे. माद्या चक्रामुळे जास्त अस्थिर असतात ही समजूत टिकलेली नाही. २०१४ च्या मोठ्या तुलनेत, चक्र न पाहता घेतलेल्या माद्या नरांपेक्षा अस्थिर निघाल्या नाहीत. उलट गटाने ठेवलेल्या नरांकडे बघा. वर्चस्व असलेल्या नरात एमयूपी जास्त बनते, आणि भांडणानंतर लाळग्रंथीतला एनजीएफ रक्तात सोडला जातो. कोणाच्या पाठीवर चाव्यांच्या खुणा आहेत हे वहीत लिहा. खुणा असलेला आणि नसलेला नर एकाच गटात धरले की प्रथिनांचे आकडे पसरणारच.

क्यूपीसीआरने (एकेका जनुकाचा एमआरएनए मोजण्याची पद्धत) पडताळताना ॲक्टिन किंवा जीएपीडीएच एकटे वापरू नका, कारण पहिल्या प्रतिसादात आले आहे. तीन-चार संदर्भ जनुके दोन्ही लिंगांत तपासून स्थिर दोन निवडा.

ग्रंथीशोध

सर्वांचे मनापासून आभार. सर्वाधिक रीड्सच्या २० जनुकांचा वाटा काढला: नरात तो खूपच जास्त आहे. ती वगळून साइझ फॅक्टर काढल्यावर रायबोसोमची बहुतेक जनुके यादीतून गेली. एमयूसी१९ चे रीड्स दोन्ही माद्यांत शेवटच्या एक्सॉनांवर आहेत, म्हणजे सबलिंग्वलच. आणखी दोन शंका: एकेका पेशीचे सीक्वेन्सिंग केले तर पेशींच्या प्रमाणाचा प्रश्न सुटेल का? आणि यातले माणसाला काय लागू होते?

प्रतिसाद ६ — नलिकापेशी

बराचसा सुटतो. पण ताजी ग्रंथी एन्झाइमने विरघळवू नका, त्या तासाभरात एफओएस आणि जेयूएन ही ताण-जनुके पेटतात आणि नाजूक पेशी मरतात. द्रव नायट्रोजनमध्ये गोठवलेल्या ग्रंथीतून केंद्रके काढा, आरएनएज (आरएनए तोडणारे एन्झाइम) प्रतिबंधक प्रत्येक बफरमध्ये. फुटलेल्या पेशींतले कॅलिक्रेइनचे एमआरएनए द्रावात तरंगत राहतात आणि एकेक केंद्रक बंद करणाऱ्या सगळ्या थेंबांत शिरतात. मग नराच्या रक्तवाहिनीच्या पेशीही केएलके१बी व्यक्त करताना दिसतात. सूपएक्स किंवा सेलबेंडर या प्रोग्रॅमने पार्श्वभूमी वजा केल्याशिवाय नर-मादी तुलना करू नका. आणि तुलना पेशींची नव्हे, प्राण्यांची: प्रत्येक प्राण्याच्या त्या प्रकारच्या पेशींची बेरीज करून मगच डीईसेक-२. पाच हजार पेशी म्हणजे पाच हजार नमुने नव्हेत.

प्रतिसाद ७ — यकृतवाटा

माणसाच्या सबमँडिब्युलर ग्रंथीत जीसीटी नाहीत. तुमच्या यादीतले सर्वांत ठळक फरक त्यामुळे माणसात शोधून उपयोग नाही. २०२० मध्ये जीटेक्स या मानवी ऊतींच्या प्रकल्पाने ८३८ दात्यांच्या ४४ ऊती तपासल्या. ३७ टक्के जनुकांत निदान एका ऊतीत स्त्री-पुरुष फरक मिळाला, पण बहुतेक फरक अगदी लहान होते. उंदराच्या ग्रंथीतले शेकडो पटींचे आकडे डोळ्यांसमोर ठेवून ते वाचू नयेत. फरक लहान म्हणजे बिनमहत्त्वाचा असेही नाही. झोपेच्या झोल्पिडेम औषधाचा निचरा स्त्रियांत सावकाश होतो म्हणून अमेरिकेच्या एफडीएने २०१३ मध्ये स्त्रियांसाठीचा डोस निम्मा, १० वरून ५ मिलिग्रॅम केला.

गुणसूत्र आणि हार्मोन वेगळे काढायला चार मूळ जनुकप्रकारांचे उंदीर मागवायचा विचार असेल तर थांबून वंशावळ तपासा. या उंदरांत एसआरवाय हे वृषण घडवणारे जनुक वाय गुणसूत्रावरून काढून दुसऱ्या गुणसूत्रावर बसवलेले असते. २०२४ मध्ये दिसून आले की प्रचलित साठ्यातल्या काही उंदरांच्या वायवर एक्सचा सुमारे ३२ लाख बेसचा तुकडा येऊन बसला आहे आणि त्यात टीएलआर७ हे रोगप्रतिकारशक्तीचे जनुक आहे. लाळग्रंथीत रोगप्रतिकारक पेशी असतातच, त्यामुळे तिथला आकडा थेट बिघडेल. मागवण्यापूर्वी पुरवठादाराकडून त्या तुकड्याची पीसीआर तपासणी लेखी मागा, आणि आल्यावर स्वतः पुन्हा करा.